प्रौढांचा एडीएचडी आणि गांजा : "आधी सोड, मग गोळी" हे बरोबर आहे का?

कपाशीचं_बोंड (सोमवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. ही डुआयडी आहे, म्हणजे ओळख लपवायला काढलेलं दुसरं खातं. मूळ आयडीने इथे बरंच लिहितो, शैलीवरून ओळखलंत तरी गप्प बसा.

वय ३६, चोपडा तालुक्यात स्वतःचं कृषी केंद्र. बियाणं, खतं, फवारणीची औषधं, थोडं ठिबकचं सामान. धंदा बरा आहे, मी बरा नाही. उधारीच्या तीन वह्या, तिन्ही अर्धवट. खरिपाच्या गर्दीत गिऱ्हाईक काउंटरवर उभं करून गोदामात जातो आणि तिथे भलतंच काहीतरी लावत बसतो. मागून बायको हाक मारते तेव्हा आठवतं की १०:२६:२६ ची गोणी आणायला आलो होतो. जीएसटी भरायला पैसे असतात, कागद असतात, तारीखही माहीत असते, तरी विलंब शुल्क लागतंच. शेवटी सीएनेच म्हटलं, भो तू डॉक्टरला दाखव.

दाखवलं. जळगावच्या डॉक्टरांनी दीड तास विचारपूस केली, आईला फोन लावून माझं लहानपण विचारलं. म्हणाले, एडीएचडी दिसतोय, म्हणजे लक्ष न टिकण्याचा, उतावळेपणाचा लहानपणापासूनचा त्रास. मग खरं ते सांगितलं. पुण्यात शिकताना गांजा सुरू झाला, तेव्हापासून दुकान बंद केलं की रोज एक-दोन. त्यावर डॉक्टर म्हणाले, सहा महिने पूर्ण बंद, लघवीची तपासणी स्वच्छ, मगच मेथिलफेनिडेट, म्हणजे एडीएचडीची गोळी.

बंद करून पाहिलं. झोप गेली, जेवण गेलं, डीएपीचा भाव विचारणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्यावर खेकसलो. परत सुरू. नाशिकच्या दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणतात, दोन्ही उपचार एकदमच करायला हवेत. कोणाचं ऐकू? अनुभव असेल तर सांगा. प्रवचन दिलंत तरी वाचेन, पण आधी अनुभव.

बट्टीप्रेमी (सोमवार, रात्री १०:४६)

पहिला. वाचतोय.

अमळनेरी (सोमवार, रात्री ११:०५)

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्या वेळी याला धांदरट म्हणायचे आणि वडील दोन ठेवून द्यायचे. आता इंग्रजी नाव आलं की गोळी आली. बरं, ही गोळी म्हणजे उत्तेजक, अॅम्फेटामाइनच्या भावकीतली. एक नशा सोडवायला दुसरी? तुमच्या जळगावच्या डॉक्टरांचंच बरोबर आहे.

तापीकाठचा_डॉक्टर (मंगळवार, सकाळी ७:२०)

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, धुळे जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. धागाकर्त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळे हा सल्ला नाही, सर्वसाधारण माहिती समजा.

आधी अमळनेरींसाठी. एडीएचडीचं निदान "विसरतो" एवढ्यावर होत नाही. लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, दोन-तीन ठिकाणी त्रास देणारी असावी लागतात, आणि दुसऱ्या कशाने समजावून सांगता येत नसावीत. जगभरात प्रौढांमध्ये साधारण अडीच टक्के लोकांना हा त्रास असतो असा एकत्रित अंदाज आहे. वडिलांनी दोन ठेवून दिल्यावर ज्यांचं सुटलं ते तुम्हाला आठवतात. ज्यांचं सुटलं नाही त्यांनी शाळा सोडली.

आता मूळ प्रश्न. गांजाने स्वतःच लक्ष आणि तात्पुरती स्मरणशक्ती मंदावते. म्हणून "हे गांज्याचं की मूळचं?" ही शंका डॉक्टरांना यायलाच हवी. त्यासाठी काही आठवडे बंद ठेवता आला तर निदान सोपं जातं. पण जळगावच्या सहकाऱ्यांनी आईला फोन करून लहानपण विचारलं, म्हणजे त्या शंकेचं उत्तर बऱ्यापैकी मिळालेलं आहे. पुढे सहा महिन्यांची अट कशासाठी, हे त्यांनाच विचारा. कारण असू शकतं: घरात कुणाला मोठा मानसिक आजार, तुमचा रक्तदाब, छातीत धडधड.

व्यसन आणि एडीएचडी दोन्ही असलेल्यांसाठी २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाचं एकमताचं निवेदन आलं. त्याचा रोख असा: दोन्हींवर उपचार करा, एकासाठी दुसरं अडवून ठेवू नका, उत्तेजक द्यायचं तर हळूहळू सुटणारं, दिवसभर पुरणारं द्या, आणि सोबत समुपदेशन हवंच.

मात्र गोळीने गांजा सुटतो ही आशा ठेवून येऊ नका. व्यसन असलेल्यांमध्ये ही औषधं एडीएचडीवर काम करतात, पण व्यसन नसलेल्यांपेक्षा कमी. स्वीडनमध्ये तुरुंगातून सुटणाऱ्या, अॅम्फेटामाइनचं व्यसन असलेल्या पुरुषांना मेथिलफेनिडेट दिलं, तेव्हा एडीएचडीही सुधारला आणि नशाही कमी झाली. तिथे डोस मात्र रोज १८० मिलिग्रॅमपर्यंत नेला होता, आपल्याकडे कुणी तो देणार नाही. अमेरिकेत गांज्याचं व्यसन असलेल्या प्रौढांना अॅटोमॉक्सेटिन, म्हणजे एडीएचडीचं उत्तेजक नसलेलं औषध, देऊन पाहिलं. एडीएचडी थोडा सुधारला, गांजा तेवढाच राहिला. गांज्याच्या व्यसनावर अजून कुठलंही मान्यताप्राप्त औषध नाही. तिथे समुपदेशन आणि माणसाची स्वतःची तयारी, हेच.

बट्टीप्रेमी (मंगळवार, सकाळी ७:३१)

डॉक्टर, आंघोळीच्या आधी एवढं टंकता म्हणजे तुम्हालाही काहीतरी आहे.

सातपुडा_एक्सप्रेस (मंगळवार, सकाळी ९:१५)

निसर्गाने दिलेली वनस्पती वाईट आणि कारखान्यात बनलेली गोळी चांगली, वा! महाशिवरात्रीला अख्खं गाव भांग पितं, कुणी मेलं का? धागाकर्त्याला रात्री शांत वाटतं ना? मग तेच त्याचं औषध. मला विचाराल तर एडीएचडीवर गांजाच उत्तम, अनुभवाने सांगतो.

साक्री_रोड (मंगळवार, सकाळी १०:०२)

@सातपुडा_एक्सप्रेस, मी व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक होतो. "मला शांत वाटतं" हे खरं असतं. प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला काय वाटतं हा आहे. एम्सच्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात वर्षभरात भांग-गांजा-चरस घेणारे सुमारे ३.१ कोटी, त्यातले मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख. म्हणजे बहुतेकांचं निभावतं हे तुमचं बरोबर. धागाकर्त्याचं निभत नाहीये, म्हणून तर तो इथे आलाय.

पण डॉक्टरांशीही मी पूर्ण सहमत नाही. पहिल्या डॉक्टरांची बाजू कुणीच घेत नाही म्हणून घेतो. मोठ्या शहरात दर आठवड्याला पेशंट बोलावता येतो, समुपदेशक असतो. इथे पेशंट एसटीने येतो, दोन महिन्यांनी उगवतो आणि म्हणतो गोळ्या हरवल्या. कुणी परीक्षेच्या पोरांना विकलेल्या असतात, कुणी चारच्या जागी आठ खाल्लेल्या. एकदा हात पोळला की डॉक्टर अट घालणारच. अट चुकीची असेल, भीती चुकीची नाही.

आणखी एक. गांजा बंद केल्यावरची चिडचिड, अस्वस्थता, विचित्र स्वप्नं, भूक मरणं हे एक-दोन दिवसांत सुरू होतं, पहिल्या आठवड्यात टोकाला जातं, साधारण दोन आठवड्यांत उतरतं. तो काळ बराचसा एडीएचडीसारखाच दिसतो. बरेच जण नेमके त्या दिवसांत म्हणतात, बघा, गांज्याशिवाय माझा एडीएचडी किती वाढतो! आणि तंबाखूत मिसळून ओढत असाल तर निकोटीनही त्याच दिवशी सुटतं. डोकं दुखतं ते कशाने, हे कळतच नाही. धागाकर्ते, तुम्ही मिसळून ओढता का?

कपाशीचं_बोंड (मंगळवार, दुपारी २:१०)

हो, सिगारेट रिकामी करून, अर्धा तंबाखू परत घालून. म्हणजे निकोटीनचंही आहे तर. हे दोन्ही डॉक्टरांनी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं.

पिंपळनेरना_पोऱ्या (मंगळवार, दुपारी २:४०)

धागा वाचीसन डोकं फिरी गयं भो. पन चांगला शे. चालू द्या.

भुसावळ_जंक्शन (मंगळवार, दुपारी ३:३०)

औषध दुकानदार या नात्याने. डॉक्टर गोळी लिहून देतील, पुढचं रामायण ऐका.

मेथिलफेनिडेट शेड्यूल एक्स या कडक नियमांच्या औषध-यादीत येतं. म्हणजे चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत आम्ही दोन वर्षं जपून ठेवतो. माल कुलपात, नोंद वेगळ्या रजिस्टरला, आणि हे ठेवायला परवानाही वेगळा. तालुक्याच्या दुकानाला महिन्यात एक गिऱ्हाईक येणार म्हणून एवढा व्याप कोण करणार? म्हणून चोपड्यात-यावलात विचारून वणवण करू नका. डॉक्टरांनाच विचारा कुठे मिळेल, आणि निघण्याआधी त्या दुकानात फोन करून माल आहे का ते बघा. व्हॉट्सअॅपवर चिठ्ठीचा फोटो टाकून "भाऊ बाजूला काढून ठेव" म्हणणाऱ्यांना हात जोडून नाही म्हणतो.

दुसरं, फोनवर किंवा व्हिडिओवर पुण्याच्या डॉक्टरकडून ही गोळी लिहून घेता येत नाही. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमावलीत शेड्यूल एक्सची आणि एनडीपीएस (अमली पदार्थांचा कायदा) खालची औषधं दूरून लिहायला मनाई आहे. समोर जाऊन दाखवावंच लागतं. अॅटोमॉक्सेटिनला हे काही लागत नाही, साध्या चिठ्ठीवर मिळतं.

जळगाव_ते_टोरांटो (मंगळवार, दुपारी ४:१५)

इकडे पहाट आहे, झोप येत नाही, त्यामुळे लिहितो. कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, आमच्या कोपऱ्यावर किराण्यासारखं दुकान आहे. मला चाळिशीत एडीएचडी निघाला, गांजा आधीपासून. इथल्या डॉक्टरांनी दोन्ही सोबत घेतलं. लिस्डेक्सअॅम्फेटामाइन देतात, तेही उत्तेजकच. ऑफिसचं काम महिन्याभरात मार्गी लागलं. गांजा मात्र जागचा हलला नाही. तो वेगळा सोडावा लागला, आधी शनिवार-रविवारवर आणला, मग तोही कमी.

कायदेशीर असल्याचा फायदा एकच, डॉक्टरला सांगताना जीभ अडखळत नाही. तिकडे कुणाला ही गोळी हवी असेल तर...

भुसावळ_जंक्शन (मंगळवार, दुपारी ४:२२)

@जळगाव_ते_टोरांटो, वाक्य तिथेच थांबवलंत ते बरं केलंत. अॅम्फेटामाइन गटातलं काही पार्सलने मागवाल तर कस्टम्स आणि एनडीपीएस दोन्ही मागे लागतील. अॅडरॉल ही त्याच गटातली गोळीसुद्धा भारतात विकायला नाही. कुणीही मित्राकरवी मागवू नका.

जळगाव_ते_टोरांटो (मंगळवार, दुपारी ४:३०)

अहो, "तर तिकडच्या डॉक्टरला विचारा" असंच लिहिणार होतो! एक मात्र सांगतो, गोळीने भूक मरते. पहिल्या हिवाळ्यात आईने भरताची वांगी भाजून, गर डब्यात भरून पाठवला होता. समोर भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, आणि मी दोन घासांत उठलो. डोळ्यांत पाणी आलं हो.

बट्टीप्रेमी (मंगळवार, दुपारी ४:३३)

मग ही गोळी खान्देशात चालणार नाही. विषय संपला. धागा बंद करा.

फैजपूरची_लेक (मंगळवार, दुपारी ४:५०)

अवांतर: गर डब्यातून पाठवलं की चव जाते. वांगं काड्यांवर भाजायचं, बडगीत ठेचायचं आणि लगेच वाढायचं. कॅनडात कपाशीच्या काड्या कुठून मिळणार म्हणा.

बट्टीप्रेमी (मंगळवार, दुपारी ४:५२)

कपाशीच्या काड्या म्हणजे धागाकर्त्याच्या डुआयडीचं पुढचं रूप.

तापीकाठचा_डॉक्टर (मंगळवार, संध्याकाळी ८:१०)

भरताचा तोडगा आहे. गोळी न्याहारीनंतर घ्यायची आणि पोटभर न्याहारी करायची. रात्रीपर्यंत गोळी उतरलेली असते, तेव्हा भूक परत येते. वजन दर महिन्याला बघायचं.

बट्टीप्रेमी, आंघोळ झाली आहे.

पाचोऱ्याची_वहिनी (मंगळवार, रात्री ९:४५)

मी इथे फक्त वाचते, पण आज लिहिते. आमच्याकडे हेच आहे. यांना गोळी सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी पाकीट माझ्या ताब्यात दिलं. मी ते मसाल्याच्या डब्यामागे ठेवायचे आणि सकाळी चहाबरोबर एक काढून द्यायचे. पहिल्या आठवड्यात यांचा तोंडाचा पट्टा सुरू. "मी काय पोलिओचा डोस घेणारं बाळ आहे का?" मग ठरवलं की पाकीट दर रविवारी मी मोजायचं, रोजची गोळी त्यांनी स्वतः काढायची. तेव्हापासून भांडण नाही.

खरी अडचण वेगळीच निघाली. गोळीचा असर संध्याकाळी साडेसहा-सातला उतरतो. त्या वेळी हे इतके चिडचिडे व्हायचे की पोरं दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. आणि यांची गांज्याची वेळ नेमकी तीच! दिवसभर छान, आणि साडेसातला गाडी काढून गायब. मला वाटायचं गोळीचा काही उपयोगच नाही. डॉक्टरांना वेळेचं सांगितलं तर त्यांनी डोसची विभागणी बदलली, आणि त्या तासाला यांनी घराबाहेर पडून चालायला जायचं असं ठरलं. माझा धाकटा दीर सोबत जातो. गांजा पूर्ण गेलेला नाही. पण पूर्वी रोज होता, आता सणासुदीला मित्र आले की. त्यावरूनही आमची वादावादी होते, ती चालू राहील.

दादा, बायकोला सोबत घेऊन जा. चिठ्ठी काय, वेळ काय, हे तिला कळलं पाहिजे.

तापीकाठचा_डॉक्टर (मंगळवार, रात्री १०:१५)

वहिनींचा प्रतिसाद माझ्या प्रतिसादापेक्षा कामाचा आहे. असर उतरतानाची चिडचिड आणि नशेची सवयीची वेळ एकावर एक येणं, हे मी दवाखान्यात नेहमी पाहतो. पेशंट "उपयोग होत नाही" एवढंच सांगतो. किती वाजता होत नाही ते सांगितलं तर मार्ग काढता येतो.

अॅटोमॉक्सेटिनचं हेच एक सुख आहे, संध्याकाळी असं उतरत नाही. पण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळ, तोंड कोरडं, आणि तोपर्यंत पेशंट कंटाळून सोडून देतो. एडीएचडीवाल्याला सहा आठवडे धीर धर म्हणणं म्हणजे काय ते कळेलच.

अमळनेरी (बुधवार, सकाळी ८:३०)

वहिनी, तुमचं पटलं. तरी माझं मत तेच. ज्याला रोज संध्याकाळी गाडी काढून जायला आठवतं त्याला जीएसटी आठवत नाही, हे काही माझ्या पचनी पडत नाही.

पाचोऱ्याची_वहिनी (बुधवार, सकाळी ८:५०)

काका, आमच्या सासूबाईही हेच म्हणतात. गाडी काढायला यांना आठवावं लागत नाही, अंगच उठतं. वीजबिलाला अंग उठत नाही.

वकीलसाहेब_धुळे (बुधवार, सकाळी ११:००)

कुणी विचारलं नाही, पण सगळ्यांच्या मनात असेल म्हणून. डॉक्टरला गांज्याचं सांगितलं तर पोलिसात जाईल का? नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला दिलाय, आणि व्यसनाशी निगडित मानसिक त्रास त्या कायद्याच्या व्याख्येत धरलाय.

गांजा ओढणं गुन्हा आहेच. एनडीपीएस कायदा १९८५, कलम २७, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "एक किलोच्या आत चालतो" ही अफवा सोडा. एक किलोपर्यंतची अल्प मात्रा म्हणजे शिक्षा कमी, परवानगी नव्हे. सातपुड्याच्या पायथ्याशी शिरपूरकडे तुरीत-कपाशीत लावलेला गांजा पोलीस उपटतात, त्या बातम्या सगळे वाचतोच, पण ओढणाऱ्यालाही कलम आहे हे विसरतो. त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी व्यसनाचे उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं.

सातपुडा_एक्सप्रेस, भांगेची पानं एनडीपीएसच्या गांज्याच्या व्याख्येत येत नाहीत, शेंडे-फुलोरा येतो. तुमचं महाशिवरात्रीचं उदाहरण म्हणून इथे लागू नाही.

सातपुडा_एक्सप्रेस (बुधवार, सकाळी ११:२०)

प्रकाटाआ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

साक्री_रोड (बुधवार, दुपारी १२:०५)

ज्यांना आधी फोनवर बोलायचंय त्यांच्यासाठी: मानसिक आरोग्यासाठी टेलीमानस १४४१६, व्यसनमुक्तीसाठी १४४४६. दोन्ही सरकारी, मोफत, मराठीत बोलतात. गोळी लिहून देणार नाहीत, वर दिलेल्या कारणासाठी.

कपाशीचं_बोंड (शुक्रवार, रात्री ९:३०)

सगळ्यांचे आभार. जळगावच्याच डॉक्टरांकडे परत गेलो, बायकोला घेऊन. विचारलं, सहा महिने का? त्यांनी सरळ सांगितलं. एक, माझे काका वेडाच्या झटक्यांसाठी दाखल झाले होते हे मी सांगितलं होतं, आणि गांजा, वर उत्तेजक गोळी, त्यात घरात तसा इतिहास, हे त्यांना धोक्याचं वाटतं. दोन, मी पुढच्या तारखेला येईन याची त्यांना खात्री नव्हती. ती मलाही नाही. म्हणून बायको.

शेवटी ठरलं असं. आता अॅटोमॉक्सेटिन सुरू, त्याच दवाखान्यातल्या समुपदेशकाकडे पंधरवड्याला एकदा, तंबाखूसाठी निकोटीनचा च्युइंगम. गांजा आधी दुकान बंद केल्यावरचा सोडायचा, कारण रोजचा तो आहे. दोन महिन्यांनी रक्तदाब, नाडी आणि मी कितपत टिकलो ते बघून मेथिलफेनिडेटचा विचार. लघवी "स्वच्छ" असण्याची अट काढली.

आता एक प्रश्न राहिला, तिथे विचारायला विसरलो. (हसू नका.) पुढे मेथिलफेनिडेट सुरू झालं आणि एखाद्या रात्री ओढलाच, तर दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी घ्यायची की नाही?

तापीकाठचा_डॉक्टर (शुक्रवार, रात्री १०:२०)

अट काढली ते योग्य. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत गांज्याचा अंश बंद केल्यावरही काही आठवडे सापडतो. सोडलेल्यालाही नापास करणारी परीक्षा ती. काकांचं ऐकल्यावर मीही अॅटोमॉक्सेटिननेच सुरुवात केली असती.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर गोळी सुरू होण्याआधी त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घ्या, कारण ते डोस आणि तुमच्या नाडीवर ठरतं. गांजा आणि गोळी दोन्हींनी हृदयाचे ठोके वाढतात, म्हणून ओढल्याचं लपवून डोस वाढवून मागणं सगळ्यात वाईट. छातीत दुखलं, धडधड थांबेना, उगाच संशय यायला लागला किंवा कुणी बोलल्यासारखं ऐकू आलं, तर गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना. आणि चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

बट्टीप्रेमी (शुक्रवार, रात्री १०:२५)

धागाकर्त्या, हे उधारीच्या चौथ्या वहीत लिहू नकोस. वहिनींना फॉरवर्ड कर.

कपाशीचं_बोंड (शुक्रवार, रात्री १०:२७)

ती शेजारी बसूनच वाचतेय. डुआयडीचा उपयोग शून्य.

भुसावळ_जंक्शन (शुक्रवार, रात्री १०:४०)

निकोटीनचा च्युइंगम चोपड्यात मिळेल, २ मिलिग्रॅमचा की ४ चा ते चिठ्ठीवर बघून घ्या. चावून चावून गिळायचा नसतो, हळूहळू चावून झिणझिण्या जाणवल्या की गालात दाबून ठेवायचा. हे कुणीच सांगत नाही आणि मग लोक उचकी लागली म्हणून परत आणून देतात.